माधुकरी मागणारा पक्षी

पक्ष्यांची शास्त्रीय नावं रुक्ष असतात, असा सर्वसाधारण समज आहे. ‘फेथॉर्निस रूबर’ हे नाव मात्र जरा सोलून पाहावं. ग्रीकमध्ये ‘फेथॉन’ म्हणजे तळपणारा. सूर्यदेव हेलिओसच्या ज्या मुलाने हट्टाने बापाचा रथ हाकायला घेतला आणि झ्यूसच्या वज्राने जो खाली कोसळला, त्याचंही नाव हेच. ‘ऑर्निस’ म्हणजे पक्षी. लॅटिन ‘रूबर’ म्हणजे तांबडा. या ‘फेथॉन’च्या मुळाशी जो धातू आहे, तोच संस्कृत ‘भा’च्याही मुळाशी आहे, भानू, प्रभा, आभा ही सगळी त्याचीच लेकरं. आणि ‘रूबर’ तर आपल्या ‘रुधिर’चा सख्खा भाऊ. रुधिर म्हटलं की आज आपल्याला रक्तच आठवतं, पण त्याचा जुना अर्थ नुसता ‘तांबडा’. रक्ताला ते नाव पुढे रंगावरून मिळालं. दक्षिण अमेरिकेतल्या एका टीचभर पाखराच्या नावात आपले भानू आणि रुधिर असे शेजारी शेजारी बसलेले आहेत.

तांबडा सूर्यपक्षी, असा त्या नावाचा सरळ अर्थ. आणि हा पक्षी राहतो कुठे, तर जिथे सूर्य जेमतेम पोचतो तिथे. ॲमेझॉनचं खोरं, गयाना आणि सुरीनामची जंगलं, आणि तिथून खूप दूर, ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला लागून असलेलं अटलांटिक अरण्य हे त्याचं घर. दोन्हींच्या मधे कोरडा मुलूख पसरला आहे. त्यातल्या एका भागाचं नाव ‘काटिंगा’. तुपी भाषेतला हा शब्द, अर्थ पांढरं रान. कोरड्या ऋतूत पानं झडली की नुसती फिकट खोडं उभी दिसतात, म्हणून पांढरं. आपला पक्षी या पांढऱ्या रानाच्या दोन्ही अंगांना, हिरव्या काळोखात राहतो. मोठ्या झाडांच्या खाली, झुडपांच्या थरात, जमिनीपासून पुरुषभर उंचीच्या आतबाहेर त्याचा सगळा संसार. लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत आठ-नऊ सेंटीमीटर, वजन दोन-अडीच ग्रॅम. पाठ काशासारखी हिरवट-तपकिरी, पोट आणि कंबर विटकरी तांबूस, डोळ्यावरून काळा पट्टा, त्याच्यावर फिकट भुवई. नराच्या छातीवर एक बारीक काळी रेघ. चोच किंचित खाली वळलेली, खालची चोच पिवळी आणि टोकाला काळी. हा गुंजन पक्षी, म्हणजे हमिंगबर्ड. गुंजन पक्षी म्हटल्यावर हिरव्या-जांभळ्या रत्नासारखा झगमगाट डोळ्यांपुढे येतो. तो इथे नाही. झगमगायला ऊन लागतं, आणि या थरात ऊन कवडशांपुरतंच.

इंग्रजीत या गटाला ‘हर्मिट’ म्हणतात आणि या जातीला ‘रेडिश हर्मिट’. फेथॉर्निस वंशात पंचवीसहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या अशाच मातकट, तपकिरी, सावलीत राहणाऱ्या. हर्मिट म्हणजे एकांतवासी, संन्यासी. हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीक ‘एरेमोस’पर्यंत जातो, आणि एरेमोस म्हणजे ओसाड, निर्जन. इजिप्तच्या वाळवंटात जाऊन एकटे राहिलेले पहिले ख्रिस्ती तपस्वी, ते ‘एरेमीत’. म्हणजे मुळात वाळवंटात राहणारा. अशा दाट, ओल्या जंगलात राहणाऱ्या पाखराला वाळवंटाचं नाव! वरवर पाहता याहून विसंगत काही नसेल.

पण शब्दांच्या बाबतीत घाईने निकाल देऊ नये. आपलाच ‘अरण्य’ हा शब्द पाहा. आज अरण्य म्हटलं की झाडी आठवते, पण वैदिक भाषेत अरण्य म्हणजे गावाच्या उलट. ‘अरण’ म्हणजे दूरचं, परकं. जे गावाच्या वेशीपलीकडे आहे, जिथे आपलं माणूस नाही, ते अरण्य. झाडं असोत वा नसोत. नेमका एरेमोसचा अर्थ. ग्रीक माणसाच्या गावाबाहेर उजाड माळ होता आणि आपल्या पूर्वजांच्या गावाबाहेर झाडी होती, एवढाच फरक. ‘अरण्या’त जाऊन राहणारे ऋषी आणि ‘एरेमोस’मध्ये जाऊन राहणारे तपस्वी एकाच कारणासाठी घर सोडून निघाले होते. तेव्हा हर्मिट शब्दाचं मराठीत ‘अरण्यवासी’ केलं, तर विसंगती आपोआप मिटते.

याच अरण्याचं प्राकृतात ‘रण्ण’ झालं आणि मराठी-कोकणीत ‘रान’. कच्छच्या ‘रणा’शी याची गल्लत करू नये; ते रण संस्कृत ‘इरिण’, म्हणजे खारवट पडीक जमीन, या शब्दाशी जोडलं जातं. रानाचा पुढचा प्रवास मला फार लोभस वाटतो. पश्चिम महाराष्ट्रात ‘मालक कुठं गेलेत?’ असं विचारलं आणि ‘रानात’ असं उत्तर आलं, तर ते जंगलात गेलेले नसतात, शेतात गेलेले असतात. ‘काळं रान’, ‘रान नांगरलं’, ‘रानाला पाणी दिलं’. जे एके काळी गावाच्या उलट होतं, तेच गावाच्या पोटाचं साधन झालं. नांगर जसजसा पुढे सरकला तसतसा शब्दही त्याच्या मागोमाग गेला. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं अटलांटिक अरण्य ऊस, कॉफी आणि गुरांच्या कुरणांखाली असंच गेलं, आणि आज मूळ जंगलाचे तुकडेच तेवढे उरले आहेत. तांबड्या हर्मिटचं एक बरं आहे, तो तोडीनंतर पुन्हा वाढलेल्या दुय्यम झाडोऱ्यातही तग धरतो. म्हणून अजून मोठ्या प्रदेशात टिकून आहे.

आता ही नावं कुणी दिली, ते पाहू. 1743 साली लंडनच्या जॉर्ज एडवर्ड्स यांनी दुर्मीळ पक्ष्यांच्या आपल्या ग्रंथात याचं चित्र छापलं. सुरीनामहून आणलेला मृत नमुना त्यांच्यासमोर होता. त्यांनी नाव दिलं साधं आणि खरं: लहान तपकिरी गुंजन पक्षी. 1758 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने आपल्या ‘सिस्टेमा नातुरे’च्या दहाव्या आवृत्तीत एडवर्ड्स यांच्या याच वर्णनाच्या आधारे त्याला ‘ट्रॉकिलस रूबर’ केलं. तपकिरीचा तांबडा झाला तो इथे. ‘ट्रॉकिलस’ची गोष्ट तर आणखी लांबची. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तच्या वर्णनात लिहिलं आहे की नाइलमधली मगर काठावर येऊन जबडा वासते, तेव्हा ट्रॉकिलोस नावाचा पक्षी तिच्या तोंडात शिरून जळवा वेचून खातो. ग्रीकमधल्या ‘धावणे’ या क्रियापदावरून आलेलं नाव. काठावर तुरुतुरु पळणाऱ्या पक्ष्याला ते शोभतं. गुंजन पक्ष्याला मात्र धावता येतच नाही. त्याचे पाय फांदीला धरून बसण्यापुरते. फांदीवर चार बोटं सरकायचं तरी तो पंख उघडतो. तरीही मगरीच्या तोंडातल्या त्या इजिप्शियन पक्ष्याचं नाव समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या पाखरांच्या अंगावर चढलं आणि अख्ख्या कुलाचं नाव आजही त्यावरूनच ‘ट्रॉकिलिडी’ आहे. साडेतीनशेहून अधिक जातींचं हे कुल ज्या गणात मोडतं त्याचं नाव ‘अपोडिफॉर्मिस’. यातला ‘अ’ आणि ‘पोड’ ओळखीचा वाटला तर चूक नाही, ग्रीक ‘पोड’ आणि संस्कृत ‘पाद’ एकाच घरचे. अपाद, म्हणजे पाय नसलेले. धावणारा आणि बिनपायाचा, अशी दोन्ही नावं एकाच पाखराला!

या गणातलं दुसरं मोठं कुल म्हणजे आपल्या पाकोळ्या. जुन्या वाड्यांच्या तुळयांना, देवळांच्या मंडपात, पुलांच्या पोटाशी घरटी चिकटवणाऱ्या पाकोळ्या याच्या खऱ्या नातेवाईक. बागेत जास्वंदीवर लटकणारा शिंजीर नव्हे. शिंजिराला आपल्याकडे हौसेने ‘हमिंगबर्ड’ म्हणतात, छायाचित्रांखाली तसं लिहितातही. भारतात गुंजन पक्षी नाही. जगाच्या पाठीवर आज तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहे. शिंजीर हा चिमणी-बुलबुलांच्या बाजूचा. दोघांनी फुलातला रस पिण्याचा धंदा स्वतंत्रपणे पत्करला, म्हणून चोची सारख्या झाल्या आणि रंगही काहीसे जुळले. गंमत अशी की शिंजिराचं इंग्रजी नाव ‘सनबर्ड’, आणि ‘फेथॉर्निस’चा अर्थही तोच. नातं नाही, नाव मात्र एक.

‘हर्मिट’ हे नाव वाचकांच्या अंगवळणी पाडण्यात जॉन गूल्ड यांच्या गुंजन पक्ष्यांवरच्या भव्य चित्रग्रंथाचा वाटा मोठा. 1849 पासून 1861 पर्यंत तो भागाभागाने निघत होता. 1851 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गूल्ड यांनी पेंढा भरलेल्या गुंजन पक्ष्यांचं प्रदर्शन मांडलं आणि लोटच्या लोट माणसं ते पाहायला गेली. आणि या गूल्ड यांना जिवंत गुंजन पक्षी पहिल्यांदा दिसला तो 1857 साली, अमेरिकेत, फिलाडेल्फियात. तोवर ग्रंथाचं काम आठ वर्षं चाललेलं होतं. मला यात गूल्ड यांचा कमीपणा दाखवायचा नाही. त्यांची चित्रं आजही पाहावीत अशी आहेत. पण हर्मिट, सूर्यपक्षी, तांबडा ही सगळी डोळ्यांनी दिलेली नावं आहेत, तीही कपाटातल्या पाखरावर रोखलेल्या डोळ्यांनी, हे ध्यानात घेतलं पाहिजे. वल्कलासारखा वेश दिसला म्हणून बहुधा संन्यासी.

ज्यांच्या अंगणात हा पक्षी होता, त्यांनी आधी कान दिला. ब्राझीलमध्ये लोक या जातीला ‘बेझोरिन्यो दा माता’ म्हणतात, म्हणजे रानातला छोटा भुंगेरा. सेकंदाला पन्नासच्या आसपास पंख मारत हे तपकिरी काहीतरी कानाशेजारून घूं करत जातं, तेव्हा पक्षी गेला की भुंगेरा, हे कळायला वेळ लागतो. नाव त्या क्षणातून आलेलं आहे. क्यूबात गुंजन पक्ष्याला ‘सुनसून’ म्हणतात, पोर्तो रिकोत ‘सुंबादोर’, म्हणजे घोंघावणारा. मेक्सिकोत पुरेपेचा लोकांच्या जुन्या राजधानीचं नाव ‘त्सिन्त्सुन्त्सान’, गुंजन पक्ष्यांचं ठिकाण. ते नाव नुसतं उच्चारलं तरी पंख वाजतात. इंग्रजी ‘हमिंग’ आणि त्यावरून केलेलं आपलं ‘गुंजन’ही याच पंगतीतलं. गुंज् हा धातू संस्कृतात भुंग्यांच्याच आवाजासाठी राबला, त्यामुळे मराठी नाव नकळत बेझोरिन्योच्या जवळ जाऊन बसलं आहे. पोर्तुगीज ‘बेजा-फ्लोर’, फुलाचं चुंबन घेणारा, हे त्या मानाने गोडगोड आणि दुरून पाहणाऱ्याचं.

तुपी भाषेतला जुना शब्द ‘ग्वाइनुम्बी’. जर्मन निसर्गाभ्यासक मार्कग्राफ डच अमलाखालच्या ब्राझीलमध्ये राहिला होता. 1648 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिस्टोरिया नातुरालिस ब्राझिलिए’त त्याने गुंजन पक्ष्यांची वर्णनं याच नावाखाली दिली आहेत. तुपी म्हटल्यावर ती आपल्याला पूर्ण परकी भाषा वाटेल. पण काजू हा तुपी शब्द आहे आणि अननसही त्याच भाषाकुटुंबातून आलेला. पोर्तुगीज जहाजांनी झाडं आणली आणि नावंही आणली. गोव्यात, वेंगुर्ल्यात, मालवणात रोज तोंडी असलेले हे शब्द ज्यांच्या भाषेतले, त्यांनीच ग्वाइनुम्बी म्हटलं. पक्षी फळासारखा जहाजात घालून आणता आला नाही, म्हणून तो शब्द तेवढा तिकडेच राहिला.

आता मुख्य प्रश्न. हा पक्षी खरोखर एकांतवासी आहे का? ऐन हंगामात रानात शिरलं तर उलटंच चित्र दिसतं. नर एकेकटे राहत नाहीत. झाडोऱ्याच्या एका ठरलेल्या जागी ते जमतात, प्रत्येकाची आपापली बुटकी डहाळी ठरलेली, आणि तिथे बसून दिवसाचा बराच वेळ गातात. बारीक, उंच पट्टीतली, घसरत खाली येणारी तान. गाताना शेपटी एकसारखी हलत असते. अंधुक उजेडात आधी ती शेपटीच दिसते, मग पक्षी. मादी येते, ऐकते, निवड करते आणि निघून जाते. अशा जागेला पक्षिशास्त्रात ‘लेक’ म्हणतात, स्वीडिशमधल्या ‘खेळणे’वरून आलेला शब्द. मराठीत तो तसाच वापरला तर कन्येशी घोटाळा होतो. आपल्याकडे ‘फड’ हा शब्द तयार असताना उसना आणायचा कशाला? शाहिरांचा फड, तमाशाचा फड, गाणारे जमतात तो फड.

याच वंशातल्या छोट्या हर्मिटच्या त्रिनिदादमधल्या फडांवर डेव्हिड स्नो यांनी 1968 मध्ये लिहिलं. 1971 मध्ये हेवन वायली यांनी त्यात मोलाची भर घातली. एकाच फडात, जवळजवळच्या डहाळ्यांवर बसणाऱ्या नरांची चाल एकसारखी असते, आणि थोड्याच अंतरावर बसलेल्या दुसऱ्या टोळक्याची चाल वेगळी. म्हणजे गाणं नुसतं रक्तातून आलेलं नाही, शेजाऱ्याकडून उचललेलं आहे. पोपट, गाणारे चिमणीवर्गीय पक्षी आणि गुंजन पक्षी, पक्ष्यांमध्ये आवाज शिकून घेणारे प्रामुख्याने हे तीनच गट. संन्यासी म्हणवणारा हा पक्षी असा चारचौघांत गाणारा आणि शेजाऱ्याची चाल उचलणारा निघाला.

एकटी असते ती मादी. घरटं तिचं, अंडी तिची, पिलंही तिचीच. ताडकुळातल्या झाडाचं किंवा नेच्याचं खाली झुकलेलं पान ती निवडते आणि त्याच्या टोकाशी, पानाच्या आतल्या बाजूला, कोळिष्टकाच्या धाग्यांनी एक निमुळता कोन बांधते. वर पानाचंच छप्पर. कोनाच्या खाली काड्यापाल्याची एक शेपटी लोंबत सोडलेली असते. ती वजन सांभाळते, नाहीतर एका अंगाला बसवलेली वाटी कलंडेल. आत दोन पांढरी अंडी. उबवायला बसते तेव्हा मादीचं तोंड पानाकडे आणि मान मागे टाकलेली. जागा इतकी थोडी की दुसरं कसं बसताच येत नाही. नराने त्या घरट्याकडे फिरकण्याची रीत नाही. ‘हर्मिट’ हे नाव शोभायचंच असेल तर ते हिला.

तरीही मी हे नाव टाकून द्यायला तयार नाही, आणि त्याचं कारण मराठीतला एक शब्द आहे: माधुकरी.

गुंजन पक्ष्यांच्या पुष्कळशा जाती एखादं फुललेलं झाड काबीज करून बसतात आणि येईल त्याला हुसकावतात. हर्मिट तसं करत नाही. सावलीतल्या झुडपांना एका वेळी दोन-चार फुलं, तीही रानात विखुरलेली. एकावर पहारा देऊन पोट भरणार नाही. म्हणून तो फेरी धरतो. या झुडपाचं एक फूल, तिथून पुढच्या वळणावरची दोन, ओढ्यापलीकडचं एक, आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक ठिकाणी थोडं घ्यायचं आणि थांबायचं नाही. या वागण्याला इंग्रजीत ‘ट्रॅपलाइन’ हा शब्द लावतात. उत्तर अमेरिकेतले कातड्यांसाठी शिकार करणारे जंगलात ओळीने सापळे लावत आणि ठरल्या वाटेने ते तपासत फिरत, त्यावरून आलेला. 1971 मध्ये जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी कोस्टा रिकातल्या ऑर्किड-मधमाश्यांच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसाठी तो वापरला आणि पुढे तो हर्मिट पक्ष्यांनाही चिकटला. फुलाकडे जाणाऱ्याला सापळा तपासणाऱ्याची उपमा द्यावी, हे मला कधीच पटलेलं नाही. घेणारा इथे कुणाला मारत नाही.

मराठीत या फेरीला शेकडो वर्षांचं नाव आहे. मधुकर म्हणजे भुंगा, मधमाशी. एकेका फुलातून कणकण घेतो आणि फुलाला इजा करत नाही. संन्याशाने तसंच दारोदार थोडं थोडं घ्यावं, एका घरावर भार टाकू नये, म्हणून त्या भिक्षेचं नाव माधुकरी. पुण्याला शिकायला आलेल्या गरीब मुलांनी पुढे याच माधुकरीवर विद्या केली. तिचीच एक रीत ‘वार लावून जेवणं’, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कुठल्या दिवशी कुठलं दार उघडं, हे मुलाला पाठ असे. गुंजन पक्ष्यांनाही ते पाठ असतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. कॅनडाच्या रॉकी पर्वतात तांबूस गुंजन पक्ष्यांसाठी कृत्रिम फुलं मांडली, काही दर दहा मिनिटांनी भरायची, काही दर वीस मिनिटांनी. 2006 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, पक्षी दोन्ही प्रकार वेगळे ओळखून बरोबर आपापल्या वेळेला परत येत होते. तो पक्षी हर्मिट नव्हे, पण त्याच कुलातला आहे.

जॅन्झन यांनी आपला शब्द पहिल्यांदा लावला तो मधमाश्यांना, आणि आपला शब्द जन्माला आला तोही मधुकरावरून. ज्यात संन्यासी, फूल आणि फेरी तिन्ही एकत्र येतात असा शब्द ग्रीकमध्ये वा इंग्रजीत मला सापडलेला नाही. बहुधा वेश पाहून पडलेलं ‘हर्मिट’ हे नाव पाखराच्या रोजच्या पोट भरण्याच्या रीतीवरून खरं ठरतं, आणि ते मराठीत सांगितल्यावरच खरं ठरतं. आपल्याकडे पाखरांना धंद्यावरून नावं देण्याची चाल जुनीच आहे. पानं शिवणारा शिंपी, पाण्याकाठी शेपटी आपटणारा परीट, खोड ठोकणारा सुतार. त्या ओळीत फेथॉर्निस वंशाला ‘माधुकरी’ आणि या जातीला ‘तांबडा माधुकरी’ म्हणावं, असं मला वाटतं. गुंजन हे साऱ्या कुलाचं नाव राहू द्यावं.

माधुकरीत देणाऱ्याचंही एक पुण्य धरलेलं असतं, आणि या रानात ते अगदी उघड आहे. हेलिकोनियाचा लाल-पिवळा फुलोरा आता आपल्याकडच्या लग्नमंडपांतही दिसतो. त्या वंशाची फुलं मूळ रानात मुख्यतः हर्मिटच्या मोठ्या जातींवर विसंबून असतात. एका फुलोऱ्यात एका दिवशी मोजकी फुलं उमलतात आणि एक फूल साधारण एकच दिवस टिकतं. रस बेतानेच मिळतो, म्हणून पक्ष्याला पुढच्या झुडपाकडे जावंच लागतं, आणि त्याच्या कपाळावर, चोचीच्या मुळाशी लागलेले परागकण तिथवर जातात. एकाच जातीची दोन झाडं दाट रानात एकमेकांपासून लांब उभी असली तरी त्यांचं बीज धरतं, ते या फेरीमुळे. झुडूप एकदम सगळा बहर उधळून टाकत नाही. आज दोन, उद्या दोन असा महिनोन्महिने फुलत राहतं, आणि त्याच बेताने हा पक्षी रोज त्याच वाटेने येतो.